नळीतून उजेड दिसला का? आप्पांच्या दुनळीचं प्रकरण

सुरुवातीलाच सांगून टाकतो, या प्रकरणात बार उडाला नाही आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. म्हणूनच लिहायलोय. बार उडाला असता तर पेपरात चार ओळी आल्या असत्या, "बंदूक साफ करताना गोळी सुटली", आणि विषय संपला असता. ती गोळी आत कशी राहिली, घरातली पाच-सहा शहाणी माणसं बंदुकीला खाली, म्हणजे रिकामी, कशी समजत होती, हे त्या चार ओळीत कधीच येत नाही.

मी फौजेतून रिटायर झालो आणि सध्या सोलापुरात एका बँकेत गनमन आहे. त्यामुळं पाहुण्यारावळ्यात कुणाचं बंदुकीचं काही निघालं की फोन मलाच. हे प्रकरण मे 2025 चं. बार्शी रोडला, नान्नजच्या अलीकडं एका गावात आमच्या नात्यातले आप्पा राहायचे, द्राक्षबाग, थोडी ज्वारी, जुनं माळवदाचं घर. एप्रिलमध्ये आप्पा वारले. त्यांच्या नावावर पीक संरक्षणाचं लायसन होतं आणि बारा बोअरची दुनळी होती, लायसनच्या भाषेत डीबीबीएल, म्हणजे डबल बॅरल ब्रीच लोडिंग, मागून काडतूस घालायची दोन नळ्यांची. जुन्या पद्धतीची, बाहेरून दोन घोडे दिसणारी. चाळीस वर्षं ती माजघरातल्या खुंटीवर होती आणि आप्पा सोडून तिला कुणी हात लावायचं नाही असा घरात दंडक होता. आप्पा गेले तसा दंडकही गेला.

सकाळी साडेआठला आप्पांच्या नातवाचा मेसेज आला. "मामा आप्पांची बंदूक ठाण्यात जमा करायचीय, कागद काय काय लागतंय?" आणि खाली फोटो. पोरगं एकोणीस वर्षांचं, बाजेवर बसलेलं, बंदूक मांडीवर आडवी, नळ्यांचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं आणि त्या दाराच्या फटीत कुणाच्या तरी लुगड्याचा काठ दिसायलाय. बोट चापाच्या कडीत. आणि डाव्या बाजूचा घोडा मागं ओढलेला.

मी चहा तसाच ठेवून फोन लावला. पहिला शब्द काय निघाला ते इथं लिहीत नाही.

"घोडा कोण ओढलं बे?"

"मीच की मामा. फोटोत भारी दिसायलंय म्हणून."

"भरलेली आहे का?"

"नाय ओ, खाली हाय. मी स्वतः उघडून बघितलोय. एक काडतूस होतं, ते काढून ठेवलोय."

एक. दुनळीत एक. इथं माझे कान उभे राहिले. दुनळी भरणारा माणूस सहसा एक घालत नाही, दोन घालतो, दोन नळ्या घेतल्याच असतात त्यासाठी. हां, कधी एक उडवलेली असते आणि दुसरी राहिलेली असते, पण मग उडवलेल्याची टरफल तरी आत पाहिजे. पोरगं म्हणतंय एकच निघालं आणि ते जिवंत. मग दुसरी नळी?

"दुसऱ्या नळीत बघितलास का?"

"बघितलो की. दोन्ही भोकं काळीच हायत. काय नाय आत."

ही दोन्ही भोकं काळीच हायत ही ओळ लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्यात आहे.

आता फोनवर काय सांगायचं. पहिला मोह असा होतो की "घोडा हळूच खाली सोड आणि ठेव" म्हणावं. हेच सांगायचं नसतं. ओढलेला घोडा खाली सोडायचा म्हणजे अंगठ्यानं घोडा दाबून धरायचा, बोटानं चाप ओढायचा आणि स्प्रिंगच्या जोरावर अंगठा हळूहळू सैल करायचा, आणि मे महिन्यात सोलापूरच्या उकाड्यात घामेजलेल्या एकोणीस वर्षांच्या अंगठ्याखालून तो सटकला की खाली काडतूस असेल तर बार ठरलेला. म्हणून मी म्हणलो, घोड्याला हात लावू नको, चापाला तर नाहीच, बोट आधी कडीच्या बाहेर काढ, कडीला समांतर सरळ ठेव. काढलास? काढलो. आता उठू नको, आधी मला सांग खोलीत कुठल्या भिंतीला काय आहे.

नळी सुरक्षित दिशेला धरा असं सगळेच सांगतात आणि पुस्तकात वाचायला ते सोपं वाटतं. आमच्याकडच्या घरात ती दिशा शोधायला डोकं लावावं लागतं. लोक सर्रास म्हणतात वर धरा. माळवदाच्या घरात उन्हाळ्यात वर धरायचं म्हणजे काय? दिवसा माळवदावर बायका कुरडया-सांडगे वाळत घालायलेल्या असतात, रात्री अख्खं घर वर झोपलेलं असतं, आणि मधे काय तर लाकडं, त्यावर काड्या न पांढरी माती. खाली धरा म्हणावं तर खाली शहाबादी फरशी, जवळून छरे फरशीवर आपटले की कुठं उडतील सांगता येत नाही, शिवाय फरशीचे तुकडे ते वेगळेच. समोर स्वयंपाकघर. मग पोरगं म्हणलं, मागच्या भिंतीला मालदांडीची पोती लावलीत, सहा-सात थप्पीनं, त्याच्या मागं दगडी भिंत, भिंतीमागं पडका गोठा, तिथं कुणी नाय. म्हणलो हे बेस्ट. गच्च भरलेल्या ज्वारीच्या पोत्यासारखं छऱ्याला अडवणारं दुसरं काय असणार घरात. बाज पोत्यांच्या समोर आहे? आहे. नळ्यांचं तोंड पोत्यांकडं राहील अशी बंदूक बाजेवर ठेव, हळू, आपटू नको, स्वयंपाकघरातल्यांना आधी परसात काढ, माळवदावर कोण आहे त्यांना खाली बोलव, खोलीला कुलूप घाल आणि किल्ली तुझ्या खिशात. कुणी कितीही म्हणू दे, मी येईपर्यंत दार उघडायचं नाही.

त्यानं ते केलं, बरोब्बर केलं, त्याचं क्रेडिट त्याला.

निघायच्या आधी मी त्यांच्या हद्दीच्या ठाण्यात फोन करून सगळं सांगितलं. कारण आप्पा गेल्यावर ती बंदूक त्या घरात राहणं हेच मुळात बरोबर नव्हतं. लायसन माणसाच्या नावावर असतं, घराच्या नाही. 1959 च्या आर्म्स ॲक्टमध्ये कलम 21 आहे, हत्यार बाळगायचा हक्क संपला की उगा वेळ न लावता ते जवळच्या ठाण्यात नाहीतर लायसनवाल्या डीलरकडं जमा करायचं. वारसाला ते नंतर आपल्या नावावर मागता येतं, त्याचा अर्ज वेगळा, आणि 2016 च्या नियमाप्रमाणं हत्यार सुरक्षित हाताळायचं ट्रेनिंगचं सर्टिफिकेटही लागतं. हवालदारसाहेब ओळखीचे निघाले, म्हणले दुपारपर्यंत येतो, तुम्हाला येतंय ना, मग मोकळी करून ठेवा तोवर.

गावात पोचलो तेव्हा दारात गर्दी. आप्पांचे दोन्ही मुलगे, सुना, शेजारी. आणि प्रत्येकजण मला एकच सांगायलाय, खाली हाय, उगं घाबरवू नका पोराला. मी एकेकाला विचारत गेलो, तुम्हाला कसं कळलं खाली आहे. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

थोरला म्हणाला, आप्पा कधीच भरून ठेवायचे नाहीत. ठीक आहे, पण हे आप्पांबद्दलचं मत झालं, बंदुकीबद्दलचं नाही. धाकटा म्हणाला, मागच्या वर्षी लोकसभेला आणि विधानसभेला दोन्ही वेळेला बंदूक ठाण्यात जमा होती, नोव्हेंबरात मतदान झाल्यावर परत आणली, पोलिस भरलेली देतील का? नाही देणार. पण नोव्हेंबर ते मे मधे सहा महिने गेलेत. सून म्हणाली, पोरानं उघडून बघितलंय. आणि पोरगं म्हणतंय, मी उघडलो कारण सगळे खालीच हाय म्हणायलेले. म्हणजे गोल फिरून तेच. एकाचा भरवसा दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर आणि तिसऱ्याचा आप्पांवर, आणि आप्पा गेलेले.

कोपऱ्यात आक्का बसलेल्या, आप्पांच्या बायको. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "हुरड्याच्या दिसात डुकरं लई यायली होती. तवा रातीला भरत हुते. अंगठ्यानं दाबून दाबून घालत हुते, जाईना म्हणून शिव्या देत हुते."

दाबून दाबून. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला, का ते पुढं येतंय.

खोली उघडली. माजघरात अंधार, वर साण्यातून उजेडाचा एक कवडसा तेवढा पोत्यांवर पडलेला. सगळ्यांना परसात ठेवलं, फक्त पोराला माझ्या मागं दोन पावलं उभं केलं, त्याला बघू दे म्हणून.

आता हाताळणी. उजव्या हातानं दस्त्याच्या मानेला पकड, तर्जनी लांब सरळ कडीच्या बाहेर. डावा हात नळ्यांखालच्या लाकडाला. तोंड पोत्यांकडं ते पोत्यांकडंच, एक इंच इकडंतिकडं नाही. ओढलेला घोडा आहे तसाच राहू दिला. या जुन्या घोडेवाल्या दुनळीचं एक बरं आहे, घोडा ओढलेला असतानाही ती उघडता येते, आणि क्रम तोच ठेवायचा, आधी उघडायची, काडतुसं काढायची आणि मग घोडा सोडायचा. उलटं करायचं नाही. नवीन बिनघोड्याच्या बंदुकीला अंगठ्याखाली सेफ्टीची सरकपट्टी असते, तिच्यावर लोकांचा फार विश्वास, पण बऱ्याच दुनळीत ती फक्त चाप अडवते, आतला घोडा नाही, बंदूक जोरात आपटली तर सेफ्टी लावलेली असूनही उडू शकते. आप्पांच्या बंदुकीला तर सेफ्टीच नव्हती.

वरचा खटका अंगठ्यानं उजवीकडं ढकलला. जाम होता. परत ढकलला, नळ्या पुढं मोडून खाली झाल्या. एकदा मोडली की ती बंदूक उडू शकत नाही, घोडा पडला तरी मारायला समोर काही नसतं. इथं मी पहिल्यांदा श्वास सोडला.

आणि आत बघितलो. दोन भोकं. दोन्ही काळी.

खरं सांगतो, पोराचं काही चुकलं नव्हतं, मलाही तेच दिसलं. साण्याच्या त्या उजेडात दोन सारखी काळी वर्तुळं, शेजारी शेजारी, जशी रिकाम्या नळीची दिसतात तशीच. मी मोबाईलचा टॉर्च लावला. उजव्या नळीत बोटाचं टोक घातलं, गेलं आत. डावीत घातलं, गेलं नाही. नखाला गार सपाट धातू लागला, मधोमध टोपीची, म्हणजे घोड्याचा ठोका बसला की पेटते तिची, बारीक गोल कड. काडतुसाचा पितळी तळ. नवीन असताना तो सोन्यासारखा चमकतो, कुणालाही दिसेल. हा इतक्या वर्षांचा जुना, पत्र्याच्या ट्रंकेत ओल खाऊन काळाकुट्ट पडलेला, बंदुकीच्या लोखंडाच्याच रंगाचा. अंधारात तो भोकासारखाच दिसत होता.

पोराला म्हणलो, ये, बघ. बोट लाव, टोपीवर नाही, कडेला. त्यानं लावलं. बराच वेळ काही बोललंच नाही. मग म्हणलं, "मामा, घोडा ह्याच्यावरच ओढला हुता की मी."

हो. डावा घोडा, डावी नळी, मागचा चाप. दुनळीला दोन चाप असतात, पुढचा सहसा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. फोटोत त्याचं बोट कडीच्या आत होतं.

एक निघालं आणि दुसरं आत का राहिलं? नळ्या मोडल्या की दोन्ही काडतुसांच्या कडेखालून एक पट्टी वर येते आणि त्यांना थोडं बाहेर उचलते, त्याला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. उजवं उचललं गेलं, पोरानं बंदूक हलवली, ते पडलं. डावं कागदी टरफलाचं होतं आणि कागद ओलीनं फुगलेला. फुगलेलं काडतूस आप्पांनी अंगठ्यानं दाबून दाबून घातलं, ते चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या जागेत, घट्ट बसलं, आणि उघडताना पट्टी त्याच्या कडेवरून घसरून वर गेली, काडतूस जागेवरच. म्हणजे बंदूक हलवून एक पडणं हा पुरावाच नव्हता, हलवली तर जे सैल असतं तेच पडतं.

आता यातला दुसरा भाग, तो मलाही नंतर कळला. डावा घोडा, बंदूक मोडलेली असतानाच, अंगठ्यात धरून सोडला. मग नळ्यांखालचं लाकूड काढलं, नळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या. अडकलेलं काडतूस स्क्रू ड्रायव्हरनं उचकटायचा विचारसुद्धा करायचा नाही, टोपी तिथंच असते, तिला टोचलं की ती तिचं काम करणार. नळ्या वेगळ्या केल्या की निदान टोपीवर मारायला मागं काहीच राहत नाही. नळ्या परसात आणल्या, तोंड लोकांपासून लांब, बांधाकडं, आणि उजव्या नळीत मागच्या बाजूनं डोळा लावला. मागच्या बाजूनंच, पुढून बघणारे महाभाग मी बघितलेत. भर दुपारची वेळ, वर सोलापूरचं ऊन, नळी बांधावरच्या आभाळाकडं, आणि आत अंधार. उजवी नळी, जी खरोखर रिकामी होती, तिच्यातूनही उजेड येईना.

पातळ काडी घातली तर तोंडाच्या चार बोटं अलीकडं अडली. काय असेल? काडीला माती लागली. कुंभारमाशी. आप्पा गेल्यापासून बंदूक खुंटीवर, तोंड वर, उन्हाळ्याचे दिवस, कुंभारमाशीनं नळीत घर बांधलेलं. काडीनं उकरलं तर वाळलेल्या मातीचे तुकडे आणि त्यातून चार-पाच मरगळलेले कोळी पडले, ती माशी कोळ्यांना डंख मारून आपल्या अळ्यांसाठी कोंडून ठेवते ना, ते. थोरल्या सुनेनं तोंड फिरवलं.

आता जोडून बघा. डावी नळी काळी, कारण काळवंडलेल्या काडतुसानं बंद. उजवी नळी काळी, कारण पुढं मातीचं बूच. दोन्ही सारख्याच काळ्या दिसल्या म्हणून पोराला वाटलं दोन्ही सारख्याच रिकाम्या. उजवी साफ असती तर तिच्यातून आभाळाचा गोल ठिपका दिसला असता, आणि शेजारची काळी बघून त्याला लगेच शंका आली असती. एका मातीच्या गोळ्यानं दुसरी चूक लपवली. आणि ते बूच स्वतः काय साधं नव्हतं, तशा नळीतून बार काढला तर वायूला पुढं वाट नसते, नळी तिथं फुगते नाहीतर फाटते, आणि डावा हात बरोब्बर नळीलाच असतो.

म्हणून "काडतूस दिसलं नाही" हे मी उत्तर म्हणून धरतच नाही. उजेड दिसला पाहिजे. मोडायची, काढायचं ते काढायचं, बोट घालून चाचपायचं, आणि मग दोन्ही नळ्यांतून एकेक करून पलीकडचा उजेड बघायचा, कडेला कडेला आतली चकाकी पण दिसली पाहिजे. हातात घेताना एकदा, आणि दुसऱ्याच्या हातात देताना परत एकदा, मोडलेलीच द्यायची. मी आत्ताच बघितली म्हणून सांगितलं तरी घेणाऱ्यानं परत बघायची, त्यात अपमान मानायचा नसतो. फौजेत "जाँच शस्त्र" म्हणलं की दहा वेळा उघडलेलं हत्यार अकराव्यांदा उघडायचं. भरती झाल्या झाल्या मी एकदा आळसानं न बघताच खाली आहे म्हणून ओरडलो होतो, उस्तादानं हत्यार डोक्यावर धरून ग्राऊंडला किती चकरा मारायला लावल्या ते आता आठवत नाही, खांदे मात्र आठवतात. हत्यार खालीच होतं, तरी चकरा.

धाकटा मुलगा तरी पण म्हणालाच, उडाली असती तरी छरेच की ओ, गोळी थोडीच आहे, पसरले असते. हा गैरसमज लई पसरलाय, छऱ्यांपेक्षा जास्त. बारा बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती, साधारण साडेअठरा मिलिमीटरची. अंगठा जातो आत. छरे पसरायला अंतर लागतं. बाजेपासून स्वयंपाकघराचं दार दहा-बारा फूट, एवढ्यात ते सगळे गठ्ठ्यानंच जातात, एकच भोक पाडतात. आणि ट्रंकेतून डबा काढला तर काडतुसं एलजीची निघाली, डुकरांसाठी आणलेली, त्यातला एकेक छरा नऊ मिलिमीटरच्या आसपास. दार आंब्याच्या फळीचं. मी त्याला दाराजवळ नेलं आणि पलीकडं कोण उभं होतं विचारलं. त्याची बायको होती, भाकरी थापत.

त्या डब्यात अजून एक बघितलं मी मुद्दाम, वीस बोअरचं काडतूस मिसळलंय का. गावात कुणाकडं वीस बोअर असेल तर देवघेवीत येतं. ते आकारानं लहान, बारा बोअरच्या नळीत घातलं की चेंबर सोडून सरळ पुढं घसरतं आणि अडकून बसतं, मागून बघितलं तर चेंबर रिकामं, माणूस बाराचं घालतो आणि उडवतो. म्हणूनच आता वीस बोअर पिवळ्या रंगात करतात. आप्पांच्या डब्यात नव्हतं. पण हेही उजेडानंच पकडता येतं, चेंबर बघून नाही.

गर्दीतल्या एकानं विचारलं, आमच्याकडं आज्याच्या काळची ठासणीची, तोंडातून दारू न छरे ठासायची, आहे, ती कशी बघायची, ती तर उघडतच नाही. बरोबर आहे, तिला मागं उघडायला काही नसतं. तिची टोपी आधी काढायची, मग तोंड लांब धरून, स्वतः बाजूला राहून, गज हळूच आत सोडायचा, किती गेला तिथं खूण करायची, आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. तळापर्यंत जात नसेल, चार बोटं कमी पडत असतील, तर त्या चार बोटांत दारू न छरे आहेत असंच समजायचं, पन्नास वर्षं जुनी का असेना. अशा बंदुकीला लायसन नसेल तर तो वेगळाच विषय, तिथंच हळू आवाजात सांगितला त्याला.

आणि बँकेत आमच्याकडं पंप ॲक्शन आहे, नळीखालचा पंप मागं-पुढं करून भरायची, तिची खोड वेगळी. चेंबरातलं एक काढलं आणि पंप पुढं ढकलला की नळीखालच्या मॅगझीनमधलं दुसरं आपोआप चेंबरात. लोक एक काढतात न खाली झाली म्हणतात. तिला मॅगझीन पूर्ण मोकळं करून, पंप मागं ठेवून, चेंबरात न मॅगझीनच्या तोंडात दोन्हीकडं बोट घालायचं.

हवालदारसाहेब अडीच वाजता आले. त्यांना सगळं दाखवलं, फोटोसकट. त्यांनी पोराकडं एकदा बघितलं, तेवढंच, बाकी बोलले नाहीत, मला ते आवडलं. पंचनामा झाला, नळ्या आणि दस्ता वेगवेगळे, दोन चादरींत गुंडाळून, काडतुसांचा डबा तिसरीकडं. नळीत जिवंत काडतूस आहे हे कागदावर आणि चादरीला बांधलेल्या चिठ्ठीवरही लिहून घेतलं, नाहीतर ठाण्यात परत कुणीतरी खालीच हाय म्हणणार. दुसऱ्या दिवशी कळलं, हत्यारांचं काम बघणाऱ्या त्यांच्या माणसानं तेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी लाकडी गजानं पुढून दाबून काढलं. टोपीवर खड्डा नव्हता. अगदी ठणठणीत.

घरात आता वाद लागलाय. थोरल्याला लायसन आपल्या नावावर पाहिजे, डुकरं काय आप्पांबरोबर गेली नाहीत म्हणतो, आणि ते खरंच आहे. धाकट्याला नको. वारसांच्या सह्या त्यावर अडल्यात. पोरानं फोटो डिलीट केलाय, मी माझ्याकडचा ठेवलाय.

पंचनाम्यात काडतुसं लिहिली होती तेरा, डब्यात अकरा, एक पोरानं काढलेलं, एक नळीतलं. चार दिवसांनी आक्कांचा फोन आला. आप्पांची बंडी धुवायला काढली म्हणे, आणि खिसा जड लागला. म्हणलो आक्का, ती बंडी भिजवू नका, उन्हात टाकू नका, उंच ठेवा, मी आलोच. परत गाडी काढली बार्शी रोडला.